अचानक विचारल्यास

जाहिरात चौथ्या पानाच्या तळाशी होती. वर काकवीची पिंपं विक्रीला आल्याची खबर, शेजारी हरवलेल्या तांबड्या घोडीचं वर्णन, आणि दोन्हींच्या मध्ये बोटाच्या पेराएवढं चित्र: खांद्यावर काठी टाकून पळत सुटलेला काळा माणूस. त्या माणसाशी एव्हरेट बॅबकॉकची दहा वर्षांची ओळख होती. छापखान्यात पळालेल्या गुलामाच्या चित्राचा ठोकळा एकच असायचा. पळणारा कुणीही असो, कागदावर हाच पळायचा. कनेक्टिकटमधल्या न्यू लंडनच्या ग्रंथालयाच्या तळघरात जुन्या वर्तमानपत्रांची फिल्म दाखवणाऱ्या यंत्रापुढे बसून एव्हरेटनं त्याला शेकडो वेळा पळताना पाहिलं होतं, आणि दर वेळी खालचं नाव वाचून फिल्म पुढे सरकवली होती. आजही त्याचा हात सरकवण्याच्या बेतातच होता. मग नाव दिसलं. ‘न्यू लंडन येथील कॅप्टन जेडिडाया मॅरकम यांजकडून चालू महिन्याच्या चार तारखेस पळाला: क्वॉमिनो नामक निग्रो, वय सुमारे सत्तावीस, मध्यम बांधा, डाव्या करंगळीचे वरचे पेर नाही, अंगात निळी लोकरी बंडी. इंग्रजी बरी बोलतो, परंतु अचानक विचारल्यास अडखळतो.’ त्याखाली पकडून देणाऱ्यास बक्षीस आणि आसरा देणाऱ्यास धाक. तारीख ११ सप्टेंबर १७७२.

जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं त्याला झालं. दहा वर्षं तो ज्याला शोधत होता तो आजवर नुसतं एक नाव होता. चर्चच्या वहीत मे १७७५ मध्ये एक बाप्तिस्मा नोंदलेला होता: ‘टायटस, कॅप्टन मॅरकम यांचे नोकर क्वॉमिनो व व्हायलेट यांचा मुलगा.’ या टायटसपासून पुढचं सगळं बॅबकॉक मंडळींना पाठ होतं. तो मोठेपणी गुलामीतून मोकळा झाला, त्यानं बॅबकॉक हे आडनाव घेतलं, त्याची बायको कोण, दगडी कुंपणाच्या आत त्याचं थडगं कुठं. पण टायटसच्या मागे भिंत. एव्हरेटची थोरली बहीण अर्नेस्टीन येत्या ऑगस्टमध्ये ऐंशीची होणार होती. साठेक नातलग जमणार होते, आणि तिनं बजावून ठेवलं होतं, “मला केक नको, काही नको. भिंतीपलीकडचा एक तरी बाप आणून दाखव.” आता तो बाप अंगापिंडासकट समोर उभा होता. त्याला बांधा होता, बंडी होती, एक पेर नव्हतं. आणि हे सारं बारकाईनं लिहून ठेवलं होतं ते त्याला पकडायला निघालेल्या माणसानं. दुसऱ्या कुणालाच ते लिहावंसं वाटलं नव्हतं. एव्हरेटनं शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. अचानक विचारल्यास. हे वाक्य त्याच्या वडिलांबद्दल होतं.

क्लिफर्ड बॅबकॉक एका रुग्णालयाच्या धोबीखान्यात कामाला होते. घरात ते कधी अडखळत नसत; जेवताना बोलत, चर्चमध्ये गात, शिव्यासुद्धा सलग देत. पण दुकानदारानं एकदम वळून “काय हवं?” म्हटलं की त्यांची मान जराशी डावीकडे वळायची, ओठ मिटायचे आणि मिटलेलेच राहायचे. त्यात आडनाव ‘ब’चं. घरात एक कडक नियम होता: त्यांचा शब्द दुसऱ्यानं पुरा करायचा नाही. “माझा शब्द आहे, मीच बाहेर काढीन,” असं ते म्हणत. एव्हरेट सोळा वर्षांचा असताना, जूनच्या एका दुपारी, दोघं मासे धरून परतत होते. मागच्या सीटवर ओल्या पोत्यात मासे. पोलिसानं गाडी थांबवली, खिडकीशी वाकला आणि म्हणाला, “नाव?” वडिलांची मान डावीकडे वळली. “नाव विचारतोय मी.” ओठ मिटले. शब्द एव्हरेटच्या जिभेवर तयार होता, गोळीसारखा, फक्त सोडायचा होता. त्यानं तो सोडला नाही. पोलिसाचा हात कमरेकडे गेला, आवाज चढला, आणि मग वडील रस्त्याकडेच्या खडीवर पालथे पडलेले होते, गाल खडीत रुतलेला, ओठ अजून त्याच एका अक्षरावर मिटलेले. पंधरा मिनिटांनी कागद बघून पोलीस निघून गेला. वाटेत वडील एकच वाक्य बोलले, “मासे उन्हात गेले असतील.” आपण त्या वेळी नियम पाळला, की लाजलो, की नुसते घाबरलो, हे एव्हरेटला बावन्न वर्षांत ठरवता आलं नव्हतं. पुढे तीस वर्षं तो फेरीबोटींच्या धक्क्यावर कर्ण्यावरून बोटींच्या वेळा पुकारत राहिला. स्वच्छ, सलग, कुठंही न अडता. गावात लोक त्याला चेहऱ्यापेक्षा आवाजानं जास्त ओळखत.

“बॅबकॉक, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?” सोझाबाईंनी टेबलापलीकडून विचारलं. तळघर त्यांच्या ताब्यात होतं. त्यांचे आजोबा अझोर बेटांवरून देवमासे मारणाऱ्या गलबतावर आले होते आणि ते त्यांना तीन दुपारींत सापडले होते, याचं त्यांना एव्हरेटपुढे उगीचच ओशाळं वाटे.

“सापडला,” तो म्हणाला.

त्या उठून आल्या, चष्मा चढवून वाचू लागल्या. “पळाला होता की हो!”

“पळाला होता,” एव्हरेट म्हणाला, आणि त्याला हसू आलं.

“पुढच्या आठवड्याचा अंक बघा ना. फिल्मवर लगेच पुढेच आहे. सापडेपर्यंत छापत राहायचे हे लोक.”

त्यानं यंत्राचा दिवा बंद केला. “पुढच्या शुक्रवारी,” तो म्हणाला.

वर्तमानपत्र शुक्रवारी निघायचं. एव्हरेटनं ठरवून टाकलं की आपणही शुक्रवारीच यायचं आणि एकच अंक वाचायचा. यात शहाणपणा नाही हे त्याला कळत होतं. जे व्हायचं ते अडीचशे वर्षांपूर्वी होऊन गेलं होतं, फिल्म हातभर सरकवली की सगळं समोर. पण त्या माणसाला निदान आठवडाभराची आघाडी मिळावी असं त्याला वाटलं. मधल्या दिवसांत तो पोस्टात जाई, अर्नेस्टीनची औषधं आणी, आणि मनातल्या मनात क्वॉमिनोला चालवत राही. घर भावंडांचं दुमजली. खाली अर्नेस्टीन, वर तो. वरच्या खिडकीतून गावातली टेम्स नदी दिसे, पलीकडचा काठ दिसे. नदी ओलांडली असेल का यानं? पुलाचा प्रश्नच नव्हता, होडीच. मग होडीवाला वल्हं मारता मारता मान न वळवता म्हणाला असेल, “कुणाचा रे तू?” अशा वेळी काय करायचं हे एव्हरेट त्याला बजावून सांगू लागला. आधी तूच बोल. कुणी विचारायच्या आत तूच हवापाण्याचं काहीतरी बोल, म्हणजे अडखळणार नाहीस. बाबा तसंच करायचे. ते दुकानात शिरतानाच म्हणायचे, “आज उकाडा आहे,” डिसेंबरातसुद्धा. भाजी चिरताना, बसची वाट बघताना तो हे सांगत राही, आणि मग एकदम लक्षात येई की आपण कुणाला सांगतोय. हातात अर्धवट चिरलेली काकडी घेऊन तो तसाच उभा राही.

१८ सप्टेंबर. जाहिरात होती. म्हणजे तो अजून मोकळा होता. २५ सप्टेंबर. होती; तोच ठोकळा, तीच काठी. एखाद्याला पकडण्यासाठी छापलेला मजकूर पुन्हा दिसावा म्हणून कुणी देव पाण्यात घालून बसत असेल असं एव्हरेटला कधी वाटलं नसतं. २ ऑक्टोबरला बक्षीस वाढवलेलं होतं. सोझाबाई म्हणाल्या, “चिडलाय म्हातारा,” आणि दोघंही गुन्ह्यातले भागीदार असल्यासारखे हसले. ९ ऑक्टोबर. १६ ऑक्टोबर. तिकडे पानगळ झाली असेल, रानात लपायला आडोसा उरला नसेल, निळी बंडी लांबून दिसत असेल. इकडे जुलैचा उकाडा होता आणि धक्क्यावर सुटीची माणसं आइस्क्रीम खात होती. सातव्या शुक्रवारी, २३ ऑक्टोबरच्या अंकात जाहिरात अगदी वरच सापडली. एव्हरेटनं बाकीचं पान पाहिलंसुद्धा नाही. तो बाहेर पडला, धक्क्याजवळच्या टपरीवर गेला आणि तळलेल्या शिंपल्यांची मोठी बशी मागवून एकट्यानं संपवली. सात आठवडे! सात आठवड्यांत माणूस कुठल्या कुठं जातो. एखाद्या गलबतावर चढतो. देवमाशांच्या गलबतावर काळ्यांना घेत असत, तिथं नाव काय नि गाव काय, कुणी विचारत नसे. जिथं कुणी काही विचारत नाही अशा जागी तो पोचला असेल.

आठव्या शुक्रवारी जाहिरात नव्हती. त्यानं चारही पानं दोनदा पाहिली.

“कंटाळला असेल मालक,” सोझाबाई म्हणाल्या. “छापायचे पैसे पडायचे ना.” आणि मग, कारण त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या, “किंवा…”

“किंवा,” एव्हरेट म्हणाला.

ती जाहिरात सापडली त्या दिवसापासून त्यानं अर्नेस्टीनला काही सांगितलं नव्हतं. आज सांगितलं, तिच्या स्वयंपाकघरात, ती वाल सोलत असताना. ती चाळीस वर्षं परिचारिका होती. ऐकताना तिचे हात थांबत नसत. त्यानं सात शुक्रवार सांगितले, होडी सांगितली, गलबत सांगितलं. ती मध्येच म्हणाली, “एव्ह, टायटसचा बाप्तिस्मा कधीचा?”

त्याला कधीचा ते माहीत होतं. त्याला पहिल्या शुक्रवारीच माहीत होतं. “पंच्याहत्तर. मे.”

“आणि हा पळाला बहात्तरमध्ये. मग टायटस काय टपालानं आला?” तिनं सालींचा ढीग बाजूला सारला. “तो परत आला, वेड्या. परत आला म्हणून टायटस, टायटस म्हणून आपण. एवढं साधं गणित कळायला सात आठवडे?”

“आला नाही,” एव्हरेट म्हणाला. “आणला.”

“तुला काय ठाऊक? तिथं व्हायलेट होती. बाईसाठी माणसं याहून मोठे मूर्खपणे करतात. माझा नवरा हिमवादळात प्रॉव्हिडन्सहून चालत आला होता.”

“त्याची गाडी बंद पडली होती.”

“पण आला ना? चालत आला ना?” ती म्हणाली, आणि तिला स्वतःलाच हसू फुटलं.

तो वर आला आणि खिडकीपाशी बसला. गणित साधं होतं, आणि त्यातच सगळी गोम होती. सात आठवडे तो त्या माणसाला धाव म्हणून सांगत होता. तो माणूस खरंच निसटून गेला असता, तर त्याला धाव म्हणून सांगायला कुणी उरलंच नसतं. अर्नेस्टीन नसती, तिचे वालही नसते, खडीवर पडलेले बाबा नसते आणि शेजारी गप्प बसलेला मुलगाही. आपण कशाची इच्छा करत होतो? आणि आता तरी कशाची करावी? सापड, म्हणावं? माझ्यासाठी सापड? त्यानं मान हलवली, कुणी समोर नसताना. नदीवर फेरीबोट भोंगा देऊन वळत होती. ज्याच्या पकडलं जाण्यातून आपण निघालो त्याच्या सुटकेची वाट आपण बघितली. आणि ती वाट बघणं खोटं नव्हतं, ते आजही थांबत नव्हतं. रात्री जेवण झालं नाही. शुक्रवारची वाट न बघता तो मंगळवारीच तळघरात गेला.

आपण काय शोधतोय हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं सातव्या शुक्रवारचा अंक लावला, कारण तो शेवटचा चांगला दिवस होता. जाहिरात जागच्या जागी होती. या वेळी त्यानं उरलेलं पान वाचलं. त्याच पानावर, दोन रकाने सोडून, चित्र नसलेल्या बारीक मजकुरात नदीपलीकडच्या एका गावच्या तुरुंगरक्षकाची सूचना होती. ‘या महिन्याच्या चौदा तारखेस होडीच्या उतारावर पकडून बंदीत ठेविलेला एक निग्रो. वय तीसच्या आत, अंगात फाटकी निळी बंडी, डाव्या करंगळीचे पेर नाही. पुष्कळदा विचारूनही नाव सांगत नाही. मालकाने येऊन घेऊन जावे.’ एव्हरेटनं ती सूचना ओळ न् ओळ तीनदा वाचली. टपरीवर तो शिंपले खात होता तेव्हा हे त्याच्या डोळ्यांखालून गेलेलं होतं. त्याही आधी, दहा वर्षांत, अशा कितीतरी सूचना त्यानं पाहिल्या असणार आणि सोडून दिल्या असणार. कारण तो नावं शोधत होता, आणि त्यांत नाव नसे. नाव सांगत नाही. सांगत नव्हता की सांगता येत नव्हतं? त्यानं ओठ घट्ट मिटून धरलं होतं ते नाव, त्याच्याजवळ उरलेली तेवढीच एक वस्तू म्हणून? की होडीच्या उतारावर कुणीतरी एकदम म्हणालं, “नाव?” आणि मान डावीकडे वळली? तुरुंगरक्षकाला दोन्ही सारखंच. कागदावर दोन्ही सारखंच उतरलं होतं. आणि शेजारी कुणी होतं का, ज्याला नाव माहीत होतं?

सोझाबाईंनी त्या पानाची प्रत काढून दिली. त्यानं ती घडी करून खिशात घातली आणि घरी येऊन सरळ खालच्या मजल्यावर, अर्नेस्टीनकडे गेला.

अर्नेस्टीननं चष्मा लावून वाचलं. वाचून झाल्यावर तिनं कागद टेबलावर पालथा ठेवला. “हे शनिवारी, वाढदिवसाला नको,” ती म्हणाली.

“खरं आहे ते, अर्नी.”

“मी कुठं खोटं म्हणतेय? पण शनिवारी पोरं येणार. माझ्या मार्सेलसच्या थोरल्या पोराला गेल्या महिन्यात पोलिसांनी दोनदा थांबवलं, गाडीतून उतरवून. त्यांना हे जुन्या कागदावरून कशाला वाचून दाखवायचं, रोजचंच आहे ते. एक माणूस, एव्ह. अख्ख्या घराण्यात एक माणूस तरी स्वतःच्या पायानं चालत आलेला असू दे.”

“बाबा असते तर…”

“बाबांचं तू मला सांगू नकोस.” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. “त्या दिवशी तू मासे घेऊन मागच्या दारानं पळालास. गालातली खडी कुणी काढली? मी. चिमट्यानं, एकेक खडा. बाबा म्हणाले, पडलो. मी म्हटलं, बघून चालत जा. त्यांना तसं हवं होतं म्हणून मी आयुष्यभर म्हणत आले, पडले म्हणून.” तिनं चष्मा काढला. “पोलिसानं नाव विचारलं तेव्हा तू गाडीत होतास हे मला तेव्हाही ठाऊक होतं.”

एव्हरेट उभाच होता. बावन्न वर्षं तो जे तिच्यापासून लपवत होता ते आपल्याला ठाऊक आहे, हे तिनं त्याच्यापासून लपवलं होतं. तिनं आता विचारावं असं त्याला वाटलं. तू का बोलला नाहीस, एवढंच. मग काहीतरी उत्तर निघालं असतं, कुठलंही. तिनं विचारलं नाही. तिनं फ्रिज उघडून त्याला सरबताचा पेला दिला आणि म्हणाली, “मॅकरोनी किती लागेल साठ माणसांना?”

शनिवारी नदीच्या मुखाशी, झाडांखाली टेबलं मांडली होती. डुकराचं भाजलेलं मांस, चीजमधली मॅकरोनी, मक्याचा पाव, बटाट्याचं सॅलड. बॉस्टनहून, हार्टफर्डहून आलेल्या गाड्या, सगळ्यांच्या अंगात सारखे पिवळे सदरे. जेवणं झाल्यावर अर्नेस्टीन खुर्चीचा आधार घेऊन उभी राहिली आणि तिनं क्वॉमिनोची गोष्ट सांगितली. छान सांगितली. निळी बंडी सांगितली, सात शुक्रवार सांगितले. “सात आठवडे तो अख्ख्या कनेक्टिकटला सापडला नाही!” ती म्हणाली, आणि तरुण पोरांनी शिट्ट्या घातल्या. “आणि मग आपल्या व्हायलेटसाठी तो चालत परत आला. स्वतः. असंच ना रे, एव्ह?”

साठ तोंडं त्याच्याकडे वळली. घडी केलेला कागद त्याच्या खिशात होता. अर्नेस्टीन त्याच्याकडे बघत होती. त्या नजरेत विनवणी नव्हती, हुकूमही नव्हता. ऐंशी वर्षांचा थकवा होता फक्त. “हो,” तो म्हणाला, धक्क्यावरच्या त्याच स्वच्छ आवाजात, शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असं. टाळ्या पडल्या. कुणीतरी डोळे पुसले. इतकं सोपं होतं तर. आता ही गोष्ट अशीच चालणार, हार्टफर्डला जाणार, बॉस्टनला जाणार, त्याच्या मागे कुणी दुरुस्त करायला राहणार नाही. तो खाली बसला. त्याच्या शेजारी मार्सेलसची धाकटी, नऊ वर्षांची ओडेसा, कलिंगड खात बसली होती. बिया बशीच्या कडेला नीट ओळीत लावत ती म्हणाली, “मी असते तर आलेच नसते परत.”

“का गं?”

“एवढं पळून गेल्यावर? वेडा होता का तो?” तिनं तोंड पुसलं. “तुम्हाला काय वाटतं, आजोबा? त्यानं यायला पाहिजे होतं?”

एव्हरेटनं तिच्याकडे पाहिलं. पिवळा सदरा, गळ्यापर्यंत ओघळलेला लाल रस, मान किंचित वर. तिला तो काय सांगणार होता? यायला नको होतं, म्हणावं तर कुणाला म्हणावं. ऐकायला ही समोर आहे. यायला हवं होतं, म्हणावं तर होडीच्या उतारावर उभा असलेला तो माणूस ऐकत होता. त्यानं तोंड उघडलं. पलीकडून मार्सेलस ओरडला, फोटोला चला, ऊन जातंय, आणि खुर्च्या सरकल्या, म्हाताऱ्या मंडळींना पुढे बसवलं गेलं, बाळं वर उचलली गेली. एव्हरेटला मागच्या रांगेत ढकललं, ओडेसा त्याच्या पुढे येऊन उभी राहिली. मार्सेलसनं तिकाटण्यावरच्या कॅमेऱ्यात डोळा घातला, हात हलवून सगळ्यांना जवळ घेतलं.

“कुणी राहिलंय का?” त्यानं विचारलं.

“नाही!” साठ जण एका आवाजात ओरडले.

ओडेसा मागे वळून, मान वर करून अजून त्याच्याकडे बघत होती. “सांगा ना,” ती म्हणाली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हलकेच तिचं तोंड कॅमेऱ्याकडे वळवलं.